महिनाभर फक्त वनस्पतिजन्य आहार: काय दिसेल आणि काय दिसणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, वजन साधारण ७० किलो, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉल थोडं वर, रक्तदाबाची एक गोळी चालू. चार आठवडे मांस, मासे, अंडी आणि दूध-दही पूर्ण बंद करून पाहायचं मनात आहे. प्रथिनं कमी पडतील का, बी-१२ जीवनसत्त्वाचं काय, इतक्या थोड्या दिवसांत काही फरक दिसेल का, आणि नंतर पूर्ववत खायला लागल्यावर पोट बिघडेल का?

जरूर करून पाहा. गेली बरीच वर्षं मी लोकांच्या खाण्याच्या वह्या तपासते आहे. हा प्रयोग फसलेले लोक मी पुष्कळ पाहिले, पण महिन्याभरात प्रथिनांच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेनं फसलेला धडधाकट माणूस जवळजवळ पाहिला नाही. फसतात ते दुसऱ्याच कारणानं. ताटातून काय काढायचं याची यादी त्यांच्याकडे पक्की असते आणि त्या जागी काय येणार याचा विचार झालेला नसतो. म्हणून माझं उत्तर बहुतेक त्या दुसऱ्या यादीबद्दलच आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे शाकाहार म्हटलं की त्यात दूध, दही, लोणी, चीज गृहीत असतं. वनस्पतिजन्य आहारात ते नसतं. ‘वीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला, तो नेमका हाच फरक दाखवण्यासाठी. वीगन असणं ही मुळात प्राण्यांबद्दलची भूमिका आहे, तिच्यात कपडेलत्तेही येतात. तुमचा प्रश्न आरोग्याचा आहे, त्यामुळे चहात चुकून चमचाभर दूध गेलं तर प्रयोग मोडला असं समजू नका. मात्र चार आठवडे तुम्ही नेमकं काय मोजणार आहात हे पहिल्या दिवसाआधी ठरवा. नाहीतर शेवटी हातात ‘बरं वाटलं’ किंवा ‘बरं वाटलं नाही’ एवढंच राहतं, आणि असं वाटणं झोप, कामाचा ताण, हवामान अशा दहा गोष्टींवर हलतं.

तुमच्या बाबतीत मोजण्यासारखी गोष्ट उघड आहे: एलडीएल. चार आठवड्यांत खरोखर हलणाऱ्या थोड्या आकड्यांपैकी हा एक. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संपृक्त मेद, म्हणजे लोणी, चीज, चरबीदार मांस यांतला मेद, जास्त खाल्ला की त्या ग्राहकांचं काम मंदावतं आणि रक्तातलं एलडीएल वाढतं. तो कमी केला की ग्राहक पुन्हा जोमानं काम करू लागतात. दुसरीकडे ओट्स, बार्ली, कडधान्यं, वांगी, भेंडी यांतला विरघळणारा तंतू (फायबर) आतड्यात पित्तातल्या आम्लांना, म्हणजे पित्ताम्लांना, धरून बाहेर नेतो. नवं पित्ताम्ल करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून उचलतं. या दोन्ही गोष्टी काही आठवड्यांत घडतात, त्यांना वर्ष लागत नाही.

याचे चांगले दाखले आहेत. टोरांटोतल्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटानं २००३ साली कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या ४६ जणांवर एक महिन्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विरघळणारे तंतू, सोया प्रथिनं, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) यांवर उभ्या असलेल्या आहारानं एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं. नुसतं संपृक्त मेद कमी केलेल्या गटात घट ८ टक्के होती, आणि तोच आहार अधिक लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या गटात सुमारे ३१ टक्के. हा मोजूनमापून दिलेला आहार होता, घरी इतकी घट होईल असं धरू नका. घराच्या जवळचा आकडा स्टॅनफर्डच्या अभ्यासात मिळतो. ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे वीगन आहार दिला आणि दुसऱ्याला मांसासह पण चांगला, भाज्यांनी भरलेला आहार. २०२३ मध्ये निकाल आले तेव्हा वीगन जुळ्यांचं एलडीएल दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी सुमारे १४ मिलिग्रॅमनं (दर डेसिलिटर रक्तामागे) जास्त उतरलं होतं. मला हा अभ्यास आवडतो तो त्यातल्या प्रामाणिक तुलनेसाठी. दुसऱ्या बाजूलाही सकस जेवण ठेवलं होतं, निकृष्ट जेवणाशी गाठ घालून जिंकलेली ही लढाई नव्हती.

म्हणून सुरू करण्याआधीच्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या मेदांची चाचणी) करा आणि चार आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. दोन चाचण्यांमध्ये आहार न बदलताही काही टक्के फरक पडतो, त्यामुळे तीन-चार मिलिग्रॅमच्या घटीवर आनंद मानू नका आणि तेवढ्या वाढीनं खचू नका. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी मोजून लिहून ठेवा.

काही गोष्टी महिन्यात दिसत नाहीत, त्या तपासून पैसा आणि मनःशांती घालवू नका. एचबीए१सी ही साखरेची चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांचं चित्र देते, कारण तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. महिन्याच्या बदलाचं त्यात अर्धवट प्रतिबिंब पडेल. हाडं, लोहाचा साठा, बी-१२ यांचं या काळात भलं-बुरं ठरत नाही.

आता फसण्याच्या पहिल्या कारणाकडे येते. एक बाई नवव्या दिवशी माझ्याकडे आल्या. जिना चढताना दम लागत होता, दुपारी डोकं हलकं व्हायचं. त्यांचं निदान तयार होतं: प्रथिनं कमी पडली. वहीत पाहिलं तर सकाळी फळं, दुपारी मोठं सॅलड, रात्री भाज्यांचं सूप. दिवसाची बेरीज जेमतेम ११०० कॅलरी. त्यांना प्रथिनंही कमी पडत होतीच, पण मुळात त्या उपाशी होत्या. पोट भरलेलं आणि शरीर उपाशी, हे या आहारात फार सहज घडतं, कारण भाज्यांत पाणी आणि तंतू भरपूर, ऊर्जा थोडी. ५० ग्रॅम चीजमध्ये साधारण २०० कॅलरी असतात. त्या जागी २०० ग्रॅम काकडी-टोमॅटो खाल्ले तर ४० कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. त्या बाईंच्या दोन जेवणांत डाळ आणि धान्य, आणि मधल्या वेळी मूठभर दाणे एवढंच वाढवलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला तो पुढच्या आठवड्याचा बेत विचारायला.

याच गोष्टीची दुसरी बाजू अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात दिसली. २० माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कमी मेदाचा वनस्पतिजन्य आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य कीटो (अगदी कमी कर्बोदकांचा, जास्त मेदाचा) आहार दिला, हवं तेवढं खायची मुभा ठेवून. वनस्पतिजन्य आहारावर असताना ती माणसं दिवसाला सरासरी ५५० ते ७०० कॅलरी कमी खात होती, आणि तरी भूक जास्त लागल्याची तक्रार नव्हती. वजन उतरवायचं असेल तर ही पर्वणी. तुमचं वजन ठीक असेल, किंवा तुम्ही धावता-पोहता, तर मात्र मुद्दाम जास्त खावं लागेल. कोणतं ते सांगते: तेलबिया, दाणे, बदाम-अक्रोड, तिळाचं वाटण, अव्होकाडो, शिजवलेलं धान्य. पहिल्या आठवड्यात थकवा आला तर आधी ताटातली ऊर्जा मोजा, मग इतर कारणं शोधा.

प्रथिनांचा हिशेब तुमच्यासमोरच मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोला ५८ ग्रॅम. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात म्हणून मी किलोला १ ग्रॅम धरते, म्हणजे ७०. दोन वाट्या, सुमारे २०० ग्रॅम, शिजलेल्या मसुरातून १८ ग्रॅम मिळतात. १५० ग्रॅम घट्ट टोफूतून (सोयाबीनच्या पनीरातून) साधारण २०. पेलाभर सोया दुधातून ८. दिवसभरात २०० ग्रॅम कोरडं धान्य पोटात गेलं तर १८ ते २०. ३० ग्रॅम बदाम किंवा शेंगदाण्यांतून ६-७. झाले ७०. यात अशक्य असं काही नाही, पण बघा, डाळ आणि टोफू या दोन ओळी खोडल्या तर बेरीज निम्म्यावर येते. रोज दोन वेळा कडधान्य किंवा सोया, हा एक नियम पाळलात तर प्रथिनांची चिंता सोडून द्या.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात भरपूर. पूर्वी सांगत असत की दोन्ही एकाच घासात हवीत. तसं लागत नाही. शरीर अमिनो आम्लांचा चालता साठा ठेवतं, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की काम होतं.

एक सापळा मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात शिकली-सवरली माणसं अडकतात. गाईच्या दुधाच्या पेल्यात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सोया दुधातही जवळपास तेवढीच. बदामाच्या दुधात बहुधा एकच ग्रॅम असतं, तांदळाच्या आणि नारळाच्या दुधातही तसंच. नावात ‘दूध’ आहे म्हणून ते दुधाची जागा घेत नाही. चहा-कॉफीत घालायला कुठलंही चालेल, पेला भरून प्यायला सोया घ्या. त्यात कॅल्शियम मिसळलेलं आहे का ते लेबलवर पाहा आणि ओतण्याआधी खोका चांगला हलवा, कारण मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.

आता पोट. तुमच्या सध्याच्या खाण्यात तंतू दिवसाला १५ ग्रॅम असेल आणि सोमवारी तुम्ही ४५ वर उडी मारली तर बुधवारी पोट फुगणार, यात आहाराचा दोष नाही. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकियोज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो. पहिल्या दहा दिवसांत हे जास्त जाणवतं, पुढे बहुतेकांचं कमी होतं. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती आहाराप्रमाणे किती झटपट हलते हे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. फक्त पाच दिवस आहार बदलला आणि जिवाणूंच्या कामात फरक नोंदवता आला.

म्हणून माझी पद्धत अशी की चार आठवड्यांआधी एक तयारीचा आठवडा ठेवायचा. त्यात काही काढायचं नाही, फक्त वाढवायचं. पहिल्या दिवशी अर्धी वाटी कडधान्य, तिसऱ्या दिवसापासून एक वाटी, आठवडाअखेर दीड. सुरुवात सालीशिवायच्या डाळी आणि टोफूनं करा, अख्खे हरभरे आणि राजमा नंतर. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. पाणी प्यायला विसरू नका. तंतू वाढला आणि पाणी तेवढंच राहिलं तर बद्धकोष्ठता होते, आणि लोक म्हणतात की इतक्या भाज्या खाऊनसुद्धा पोट साफ होत नाही.

राजम्याबद्दल जरा थांबते, कारण कडधान्यं पहिल्यांदाच रांधणाऱ्यांना हे माहीत नसतं. लाल राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. कमी शिजलेले मोजके दाणेही तासा-तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब घडवू शकतात. भिजवून पाणी टाका आणि ताज्या पाण्यात खळखळून किमान १० मिनिटं उकळा, मग पूर्ण शिजवा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथलं तापमान हे विष मोडायला अपुरं पडू शकतं. डब्यातला शिजवलेला राजमा सुरक्षित असतो.

बी-१२. हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. बी-१२ फक्त जिवाणू बनवतात. वनस्पतींना त्याची गरज नसते, म्हणून त्यांत ते भरवशानं मिळत नाही. प्रौढाची रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम, आणि साठा, मुख्यतः यकृतात, साधारण २ ते ५ मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या हजारपट. ज्याचा साठा भरलेला आहे त्याला महिना काय, वर्षभरही लगेच कमतरता भासत नाही. अडचण ही की साठा भरलेला आहे हे आपण गृहीत धरतो. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तासाठी रोज ओमेप्राझोलच्या जातीची गोळी घेणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले, साठीच्या पुढचे, आणि आधीपासूनच प्राणिजन्य पदार्थ अगदी थोडे खाणारे, यांचा साठा आधीच तळाला गेलेला असू शकतो. तुम्ही यांपैकी नसाल तर चार आठवड्यांसाठी गोळीची सक्ती नाही. असाल तर आधी तपासा.

महिना संपल्यावर असंच पुढे चालू ठेवावंसं वाटलं तर मात्र त्याच दिवसापासून बी-१२ ची गोळी सुरू करा, ‘पुढे बघू’ म्हणू नका. वनस्पतिजन्य आहारात फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व भरपूर असतं. ते रक्तक्षय झाकून ठेवतं, आणि तिकडे बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येईपर्यंत कळत नाही, आणि उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. गोळीवर गरजेच्या कित्येक पट मात्रा पाहून दचकू नका. जठरातल्या एका प्रथिनाच्या मदतीनं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषले जातात, उरलेल्यातला सुमारे एक टक्का तसाच झिरपतो. म्हणून मात्रा मोठी ठेवावी लागते. आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या भुकटीवर विसंबू नका. त्यात जे बी-१२ म्हणून मोजलं जातं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं त्याचं नकली रूप असतं.

लोह, आयोडीन, कॅल्शियम हे महिन्याच्या प्रयोगात तळटिपेचे विषय आहेत. कडधान्यासोबत लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची, संत्रं असं क जीवनसत्त्व असलेलं काही घ्या, चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं प्या, लोह चांगलं शोषलं जातं. मीठ आयोडीनयुक्त वापरा. कॅल्शियमसाठी पालकावर भिस्त ठेवू नका. पालकात ते असतं खरं, पण ऑक्झलेट या वनस्पतीतल्या क्षाराशी बांधलेलं, त्यातलं सुमारे पाच टक्केच अंगी लागतं. कोबी, ब्रोकोली, कॅल्शियमनं घट्ट केलेला टोफू यांतलं कितीतरी चांगलं शोषलं जातं. ज्यांना मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी रोज पालक-बदामाचं स्मूदी पिणं तर टाळावंच.

तुमच्या एलडीएलसाठी यापेक्षा महत्त्वाचा एक मुद्दा आहे. वनस्पतिजन्य म्हणजे सकस, हे समीकरण खरं नाही. मैदा, साखर, बटाट्याचे चिप्स, गोड पेयं, सगळं वनस्पतिजन्यच आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून जास्त लोकांचा बरीच वर्षं मागोवा घेऊन २०१७ मध्ये दाखवलं की सकस वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला आणि निकस वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत जास्त. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं महिन्याअखेरीस एलडीएल जैसे थे आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) वाढलेले होते. ते मनापासून हिरमुसले होते, कारण त्यांनी नियम एकही मोडला नव्हता. वहीत सकाळी फळांचा रस, दुपारी पांढरा भात आणि बटाटा, संध्याकाळी बिस्किटं, आणि आठवड्यातून चारदा वनस्पतिजन्य चीज आणि बर्गर. साखर आणि बारीक दळलेल्या पिठाचा जास्तीचा भाग यकृत मेदात बदलतं, त्यातून ट्रायग्लिसराइड वाढतात. आणि त्या चीज-बर्गरला घट्टपणा येतो तो बहुधा खोबरेल तेलातून. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त असतो. लोणी सोडून त्यांनी लोण्याचाच भाऊ घरात आणला होता. हे तयार पदार्थ महिन्यातून दोन-तीन वेळा, अडचणीच्या दिवशी, एवढ्यावर ठेवा आणि मिठाचा आकडाही पाहून घ्या.

औषधांबाबत मी आग्रही आहे. तुमच्या डॉक्टरांना सुरू करण्याआधी सांगा, संपल्यावर नको. या आहारात पोटॅशियम वाढतं, मीठ बहुधा कमी होतं, थोडं वजन उतरतं, तिन्हींनी रक्तदाब खाली येऊ शकतो. उठून उभं राहताना चक्कर आली तर मोजून लिहा आणि डॉक्टरांना कळवा, गोळी आपणहून कमी करू नका. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंडं चांगली असतील तर भाज्या-फळांचा सहसा प्रश्न येत नाही, पण ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळतं ते पोटॅशियम क्लोराइड या गोळ्यांसोबत वापरू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनानं करूच नये.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर या आहारावर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस आधी ठरवून घ्यावा लागतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक दुप्पट केल्या तर त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो, मग रक्त तपासून मात्रा बदलावी लागते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम मिसळलेलं सोया दूध यांत चार तासांचं अंतर हवं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, आणि खाण्यावरून स्वतःला छळण्याचा आजार कधी होऊन गेला असेल अशी माणसं, यांना मी ‘सहज करून पाहू’ म्हणून हा प्रयोग सुचवत नाही. शेवटच्या गटाबद्दल मला विशेष काळजी वाटते. काय खायचं नाही याची लांबलचक यादी त्यांच्या जुन्या दुखण्याला नवं, सभ्य नाव देते आणि भोवतालच्यांना ते कळतही नाही.

दुसऱ्या आठवड्यात चीजची किंवा मांसाची आठवण तीव्र होते. त्यात बराच भाग चवीचा असतो, खारट आणि मांसल अशी जी खोल चव असते तिचा. भाजलेले टोमॅटो, चांगले परतलेले मशरूम, सोया सॉस, न्यूट्रिशनल यीस्ट (चवीसाठी भुरभुरायची वाळवलेल्या यीस्टची पूड) यांत ती असते. भाज्या वाफवून फिक्या खाल्ल्या तर दहा दिवसांत कंटाळा येणारच. भाजा, परता, आंबट घाला, दाणे भुरभुरा. घरात बाकीचे वेगळं खात असतील तर त्यांच्यासाठी दुसरा स्वयंपाक मांडू नका. एकच जेवण असं ठेवा ज्यात मांस किंवा चीज शेवटी वरून घालता येईल. बाहेर जेवायचं असेल त्या दिवशी घरून थोडं खाऊन निघा, कारण तिथे मिळणाऱ्या सॅलडमध्ये प्रथिनांचा पत्ता नसतो.

राहिला परतीचा प्रश्न. महिनाभर मांस न खाल्ल्यानं ते पचवणारी विकरं नाहीशी होतात, ही समजूत चुकीची आहे. मसूर पचवणारी आणि मांस पचवणारी प्रथिनविकरं एकच. एकोणतिसाव्या दिवशी जड वाटतं ते बहुधा एकाच बैठकीत झालेल्या मेदाच्या माऱ्यानं. दुधाचं थोडं वेगळं आहे. जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या आतड्यात दुग्धशर्करा पचवणारं विकर कमी असतं. रोज थोडं दूध पिणाऱ्यांच्या जिवाणूंना त्याची सवय झालेली असते. महिन्याच्या खंडानंतर ती सवय मोडते आणि पहिल्या मोठ्या पेल्यानं पोट गुडगुडतं. म्हणून दही आधी, मग जेवणासोबत अर्धा पेला दूध. आणि गेली कित्येक वर्षं संध्याकाळी फुगणारं पोट या महिन्यात शांत राहिलं असेल आणि दूध सुरू केल्यावर पुन्हा फुगलं असेल, तर ही मोलाची माहिती आहे, ती जपून ठेवा.

रक्त द्यायचं ते अठ्ठावीस दिवस पूर्ण झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही परत सुरू करण्याआधी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट परत आणा आणि तिला तीन दिवस द्या. मासे, अंडी, दही, दूध, चीज, मांस, या क्रमानं गेलात तर संपृक्त मेदाचे मोठे स्रोत शेवटी येतात. कदाचित माशांवर थांबाल, कदाचित चीजची उणीव भासलीच नाही असं लक्षात येईल. जिथे थांबाल त्या खाण्यावर सहा आठवडे राहा आणि मग एलडीएल तिसऱ्यांदा तपासा. डॉक्टरांकडे जाताना तिन्ही आकडे आणि रक्तदाबाची वही सोबत न्या. गोळ्यांचा निर्णय करताना त्यांना पाहायचा असेल तो तिसरा आकडा, कारण तोच तुमच्या रोजच्या जेवणाचा असेल.